पिन एक, नावं अनेक: वायर घेताना काय विचारायचं?



आजचा विषय आहे वायर. मोबाइल चार्ज करतो ती वायर, लॅपटॉपला प्रिंटर जोडतो ती वायर, बँक सखीचं अंगठ्याचं मशीन मोबाइलला जोडतो ती वायर. काहीजणी म्हणतील, हे पोरांना विचारायचं, आपल्याला काय करायचंय? पण आता गटाचं निम्मं काम या वायरवर येऊन ठेपलंय. बैठकीच्या नोंदी मोबाइलमध्ये भरायच्या असतात. कर्जाचे कागद प्रिंट करायचे असतात. निराधार योजनेचे पैसे गावातच अंगठा देऊन काढायचे असतात. वायर चुकली की काम अडतं, आणि काम अडलं की बाई पहिलं वाक्य बोलते, "मला नाही बाई यातलं कळत."

म्हणून आज आधीच सांगते. या वायरींच्या नावांचा घोळ खरोखरच मोठा आहे. संगणकाचं शिक्षण घेतलेली माणसंही त्यात गोंधळतात. हा घोळ नावं ठेवणाऱ्यांनी केलेला आहे. तो कुठे झाला हे एकदा समजून घेतलं, की दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

या सगळ्या वायरींना मिळून यूएसबी म्हणतात. पूर्वी संगणकाला कीबोर्डाची पिन वेगळी, माउसची वेगळी, प्रिंटरची तर हातभर रुंद. हे सगळं एका प्रकारच्या जोडणीत आणायचं म्हणून काही मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. इंटेल कंपनीत या कामात पुढे असलेले अजय भट्ट आपल्या शेजारच्या गुजरातचे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. हेतू चांगलाच होता: एक जोडणी, सगळ्या यंत्रांना चालणारी. घोळ झाला तो पुढे.

आता मुख्य गोष्ट लक्षात ठेवा. कुठल्याही वायरमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. पहिली, पिनचा आकार. दुसरी, माहिती वाहून नेण्याचा वेग. तिसरी, वीज पेलण्याची ताकद. आपण दुकानात फक्त पहिली गोष्ट सांगतो: "सी पिनची वायर द्या." उरलेल्या दोन गोष्टी दुकानदार त्याच्या मनाने ठरवतो. शेतात दोन पाइप जोडताना जोड बसला म्हणजे पाणी तेवढंच येईल असं आपण धरून चालत नाही. पाइप केवढा आहे आणि किती दाब सोसेल हेही बघतो. वायरीचं तसंच आहे.

पहिली गोष्ट: पिन

पिनांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. ए म्हणजे चपटी, चौकोनी पिन. पेनड्राइव्हला असते ती, आणि जुन्या चार्जरच्या अडॅप्टरमध्ये घालतो ती. ती एकाच बाजूने बसते. बी म्हणजे जवळजवळ चौरस, वरचे दोन कोपरे तिरके कापलेली. ती बहुतेक प्रिंटरच्या मागे लागते. मायक्रो म्हणजे जुन्या मोबाइलची बारीक पिन, एक बाजू रुंद आणि एक अरुंद. अंधारात उलटी घुसवून आपण तिचे किती मोबाइल खराब केले असतील! आणि सी म्हणजे आत्ताच्या मोबाइलची लांबट, दोन्ही टोकांना गोल पिन. ती उलटसुलट कशीही बसते.

ही सी पिन २०१४ साली आली. तिच्या आत २४ बारीक संपर्क असतात, वर बारा आणि खाली बारा. जुन्या ए पिनमध्ये चारच होते. दोन विजेचे आणि दोन माहितीचे. सी पिनमध्ये एवढी जागा असल्यामुळे ती चार्जिंगही करते, फाइलीही नेते, टीव्हीवर चित्रही दाखवू शकते. म्हणून सगळ्या जगाने तीच धरली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलला सी पिन सक्तीची केली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये सी पिनसाठी भारतीय मानक जाहीर केलं.

इथेच पहिली चकवाचकवी आहे. २४ संपर्कांची जागा असली तरी प्रत्येक वायरमध्ये तेवढ्या तारा घालाव्या लागत नाहीत. स्वस्त वायरमध्ये चार-पाचच तारा असतात, महागात खूप. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. सी पिन हा फक्त आकार आहे. आत काय आहे हे तो सांगत नाही.

दुसरी गोष्ट: वेग, आणि नाव बदललेल्या सुनेची गोष्ट

आता वेगाकडे येऊ. नावांचा खरा गुंता इथे आहे.

पहिल्या यूएसबीचा जास्तीत जास्त वेग होता सेकंदाला १२ मेगाबिट. त्याला त्यांनी नाव दिलं 'फुल स्पीड', म्हणजे पूर्ण वेग. मग २००० साली यूएसबी २.० आलं आणि वेग झाला ४८० मेगाबिट, चाळीस पट. आता काय नाव द्यायचं? 'पूर्ण' तर आधीच वापरून झालेलं. म्हणून नाव दिलं 'हाय स्पीड'. म्हणजे इथे फुलपेक्षा हाय चाळीस पट जोरात. सरळ विचार करणारी कुठलीही बाई इथे फसेल. मग २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, वेग ५ गिगाबिट, म्हणजे पाच हजार मेगाबिट. त्याचं नाव 'सुपर स्पीड'.

हे आकडे कळायला एक उदाहरण घेऊ. तुमच्याकडे प्रशिक्षणाचा चार जीबीचा व्हिडिओ आहे. कागदावरच्या हिशेबाने 'फुल स्पीड'ला तो पाठवायला पाऊण तास लागेल. 'हाय स्पीड'ला मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ. 'सुपर स्पीड'ला सहा-सात सेकंद. प्रत्यक्षात पेनड्राइव्ह आणि मोबाइल स्वतःच सावकाश असतात, म्हणून वेळ जास्तच लागतो. पण फरक केवढा आहे ते कळलं असेल.

इथपर्यंत आकडा वाढला की वेग वाढतो, एवढं तरी खरं होतं. २०१३ साली ३.१ आलं, दुप्पट वेगाचं, १० गिगाबिट. पण ते आणताना जुन्या ३.० चं नाव बदलून 'यूएसबी ३.१ जेन १' केलं आणि नव्याला 'यूएसबी ३.१ जेन २' म्हटलं. जेन म्हणजे पिढी. २०१७ साली ३.२ आलं, तेव्हा पुन्हा बारसं. जुनं ३.० झालं 'यूएसबी ३.२ जेन १'. मधलं झालं 'यूएसबी ३.२ जेन २'. आणि नवीन, २० गिगाबिटचं, झालं 'यूएसबी ३.२ जेन २ बाय २'.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. शाळेच्या दाखल्यावर सुरेखा, आधार कार्डावर सुनंदा, बँकेच्या पासबुकात आणखी तिसरंच. बाई तीच, हात तेच, काम तेच. पण कागद बघणारा म्हणतो, या तीन वेगळ्या बायका आहेत. गटाचं खातं उघडताना या नावांपायी आपण किती खेटे घातलेत! यूएसबी ३.० ची अगदी हीच गत झाली. ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच मुलीची तीन नावं. वेग तिन्हींचा एकच, ५ गिगाबिट.

असं का केलं? दर वेळी नवीन नियमपुस्तक काढताना जुन्या वेगाचे नियमही त्याच पुस्तकात घेतले. त्यामुळे त्या पुस्तकाप्रमाणे केलेली प्रत्येक वस्तू, वेग कुठलाही असो, नव्या पुस्तकाचं नाव लावू शकते. पुस्तक लिहिणाऱ्या अभियंत्यांना हे सोयीचं. विकणाऱ्यालाही सोयीचं, कारण जुन्या वेगाच्या वस्तूवर नवा आकडा छापता येतो. पैसे मोजणाऱ्याला मात्र 'यूएसबी ३.२' एवढं वाचून वेग ५ आहे, १० आहे की २० हे कळत नाही.

२०१९ साली यूएसबी ४ आलं, त्याचे वेग २० आणि ४० गिगाबिट. २०२२ मध्ये त्याचीही पुढची आवृत्ती आली, ८० गिगाबिटची, आणि तिचं नाव 'यूएसबी ४ आवृत्ती २.०'. म्हणजे जुन्या यूएसबी २.० मध्येही २.०, आणि सगळ्यात वेगवानातही २.०.

शेवटी नावं ठेवणाऱ्या संस्थेलाच हे पटलं असावं. २०२२ मध्ये तिने कंपन्यांना सुचवलं की गिऱ्हाइकासाठी खोक्यावर सरळ वेग लिहा: यूएसबी ५ जीबीपीएस, १० जीबीपीएस, २०, ४०. जीबीपीएस म्हणजे सेकंदाला गिगाबिट. म्हणून नियम सोपा ठेवा. खोक्यावरचा ३.१, ३.२ सोडून द्या. जीबीपीएसच्या आधी कोणता आकडा आहे तेवढा वाचा. तो आकडा कुठेच नसेल आणि फक्त 'फास्ट' लिहिलेलं असेल, तर ती वायर २.० च्या वेगाची समजायची.

आणि एक खरं सांगू? आपल्या बहुतेक कामांना २.० चा वेग पुरेसा आहे. अंगठ्याचं मशीन, साधा प्रिंटर, माउस, मोबाइलचं चार्जिंग, यातल्या कशालाच सुपर स्पीड वायर लागत नाही. आयफोन १५ मध्ये सी पिन आली, तरी त्याच्या साध्या मॉडेलचा पिनवरचा वेग २.० चाच आहे, आणि महागड्या प्रो मॉडेलचा १० जीबीपीएसपर्यंत. एकाच कंपनीचे एकाच वर्षीचे दोन मोबाइल, पिन एकच, वेग निराळे. तेव्हा "ताई, ही जास्त स्पीडची आहे" असं म्हणून कुणी चारपट पैसे मागितले, तर आधी विचारा, माझ्या मोबाइलला तो वेग घेता येतो का? मोठे व्हिडिओ रोज संगणकावर उतरवत असाल, तरच त्या वायरवर खर्च करा.

तिसरी गोष्ट: ताकद

आता वीज. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. व्होल्ट, त्यासाठी इंग्रजी व्ही. आणि अँपिअर, त्यासाठी इंग्रजी ए. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट मिळतात. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १८ वॅट. वॅट जास्त, तर चार्जिंग लवकर, पण मोबाइलला तेवढे घेता आले पाहिजेत आणि मधल्या वायरला पेलता आले पाहिजेत.

दोन्ही टोकांना सी पिन असलेली नियमात बसणारी साधी वायर ३ अँपिअर पेलते. तिच्यातून ६० वॅटपर्यंत वीज जाते. त्याच्या वर न्यायची तर ५ अँपिअरची वायर लागते आणि तिच्या पिनमध्ये एक छोटी चिप असते. ती चिप चार्जरला सांगते की मी एवढं पेलू शकते. अशा वायरवर पूर्वी १०० वॅट लिहीत, आता २४० वॅट लिहितात. बरेच लॅपटॉप ६५ वॅटचे असतात, म्हणजे ६० च्या थोडे वर. गटाच्या लॅपटॉपचा चार्जर चांगला असूनही चार्जिंग रेंगाळत असेल, तर मधे मोबाइलची वायर लावलेली आहे का ते आधी बघा.

बायका विचारतात, मोठ्या वॅटच्या अडॅप्टरने छोटा मोबाइल जळेल का? सी पिनच्या नियमात बसणाऱ्या अडॅप्टरने जळत नाही. तो सुरुवात ५ व्होल्टनेच करतो आणि मोबाइलने मागितलं तरच वाढवतो. भीती आहे ती बनावट अडॅप्टरची. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.

इथेही नावांची गर्दी आहेच. काही मोबाइल कंपन्यांनी जलद चार्जिंगच्या स्वतःच्या पद्धती काढल्या आणि त्यांना स्वतःची नावं दिली. ओप्पोची वूक आहे, क्वालकॉमची क्विक चार्ज आहे. अशा काही पद्धतींत पूर्ण वेग मिळायला त्याच कंपनीचा अडॅप्टर आणि वायर लागते. दुसरी वायर लावली तर मोबाइल चार्ज होतो, पण सावकाश. मोबाइल बिघडला असं समजून दुरुस्तीला टाकू नका.

नुसत्या चार्जिंगच्या वायरी

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट. बाजारात काही वायरींमध्ये माहितीच्या तारा नसतातच. फक्त विजेच्या असतात. मोबाइल मस्त चार्ज होतो, पण फोटो संगणकावर जात नाहीत, मशीन जोडलं जात नाही. आणि खोक्यावर बहुतेक वेळा तसं लिहिलेलंही नसतं.

आमच्या भागातल्या एका बँक सखीच्या अंगठ्याच्या मशीनची मूळ वायर तुटली. तिने आठवडी बाजारातून तशाच पिनांची वायर आणली. मशीनचा दिवा लागला, पण मोबाइलला मशीन काही दिसेना. ओट्यावर निराधारच्या पैशांसाठी आलेल्या तीन म्हाताऱ्या बसलेल्या. त्या तशाच परत गेल्या. सखीने मोबाइल दुरुस्तीला दिला, मग मशीनची तक्रार केली, आठवडा गेला. ती मला म्हणाली, "ताई, हे काम दुसऱ्या कुणाला द्या, माझ्याच्याने होत नाही." मग शेजारच्या गावच्या सखीची वायर लावून बघितली आणि मशीन लगेच चालू झालं. दिवा लागला याचा अर्थ वीज जात होती. माहितीच्या तारा वायरमध्ये नव्हत्या. त्या बाईचं काम उत्तम होतं. एका वायरीपायी ती ते सोडायला निघाली होती.

घरी तपासायची रीत सोपी आहे. वायरने मोबाइल संगणकाला जोडा. मोबाइलच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढा. तिथे 'यूएसबी'ची सूचना येते. त्यावर दाबून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. संगणकावर मोबाइल दिसला, तर वायर माहिती नेते. ही सूचना आलीच नाही, आणि दुसऱ्या वायरने आली, तर पहिली वायर नुसती चार्जिंगची.

अंगठ्याचं मशीन किंवा पेनड्राइव्ह मोबाइलला लावताना आणखी एक बघा. काही मोबाइलमध्ये सेटिंगमध्ये जाऊन 'ओटीजी' नावाचं बटण चालू करावं लागतं. ते बंद असेल तर चांगली वायरही काम करत नाही. आणि मोबाइलचं चित्र वायरने टीव्हीवर दाखवायचं असेल, तर ती सोय मुळात मोबाइलमध्ये असावी लागते. सी पिन असलेल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ती नसते. वायर विकत घ्यायच्या आधी मोबाइलची माहिती वाचा किंवा दुकानातच लावून दाखवायला सांगा.

दुकानात काय म्हणायचं

कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. नाहीतर बोटांवर मोजा, चारच गोष्टी आहेत.

एक, पिन दोन्ही टोकांची सांगा. "ए ते सी" किंवा "सी ते सी". जमलं तर जुनी वायरच सोबत न्या.

दोन, काम सांगा. "फक्त चार्जिंगला हवी" किंवा "मशीन जोडायला हवी, डेटा जाणारी द्या." डेटा हा शब्द दुकानदाराला नेमका कळतो.

तीन, वॅट विचारा. मोबाइलला साधी ६० वॅटची चालते. लॅपटॉपला त्याच्या चार्जरवरचा आकडा बघून मागा.

चार, पैसे द्यायच्या आधी लावून बघा, आणि पक्की पावती घ्या. गटाच्या पैशातून घेतलेली वस्तू असेल तर पावती नोंदवहीला लागतेच, आणि वायर बदलून घ्यायलाही तीच उपयोगी पडते.

घरी आणल्यावर एक काम करा. डेटा जाणाऱ्या वायरला हिरवा दोरा बांधा, नुसत्या चार्जिंगच्या वायरला लाल. लॅपटॉपच्या वायरला पिवळा. गटाच्या पेटीत सगळ्या वायरी एकत्र असतात आणि ऐन कामाच्या वेळी हाताला चुकीची लागते. कंपन्यांनी ठेवलेली नावं आपल्याला बदलता येणार नाहीत, पण आपल्या पेटीतल्या वायरींना आपलं नाव तर देता येतं.

पुढच्या बैठकीत हा विषय पाच मिनिटं घ्या. प्रत्येकीने घरची एक वायर आणावी आणि ती काय काय करते ते सगळ्यांसमोर तपासावं. ज्या मैत्रिणीच्या हातात गटाचा मोबाइल किंवा मशीन आहे, तिला तपासणी करायला पुढे बसवा. आणि पुढच्या वेळी एखादं यंत्र चालू झालं नाही, तर "मला कळत नाही" म्हणायच्या आधी वायर बदलून बघा.